कागदाची एसएलव्ही-३: विजेचा पाइप, कोल्ड्रिंकची बाटली आणि फोन वापरून उडणारं स्केल मॉडेल रॉकेट

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा वाघोलीला राहायला आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने मला एक रील दाखवलं. साखर आणि एक पांढरी पावडर तव्यावर वितळवायची, पाइपात भरायची, वात लावायची. रॉकेट सुसाट वर. खाली हजारो लाइक्स. "मामा, हे आपण टेरेसवर करू ना!"

मी त्याला माझा डावा तळहात दाखवला. आठवीत असताना दिवाळीतले बाण फोडून त्यातली दारू मी एका नळीत भरली होती. नळी हातातच पेटली. त्या तळव्याची कातडी आजही थंडीत ताणते. डोळे वाचले ते फक्त मी त्या क्षणी मान वळवून आईला हाक मारत होतो म्हणून.

भाच्याला तळहात बघून वाईट वाटलं, पण रीलचा मोह काही सुटला नाही. शेवटी सौदा झाला. मी त्याला आगीशिवाय, घरच्या सामानातून खरोखर उडणारं रॉकेट करून द्यायचं. तेही कुठलं तरी शेंडी लावलेलं नळकांडं नाही, तर खऱ्या रॉकेटची मापात बनवलेली प्रतिकृती. नाही उडालं तर तो गावी जाऊन 'रीलवालं' करणार. म्हणजे मला हरून चालणार नव्हतं.

आधी आग का नको ते सांगतो

अमेरिकेत मॉडेल रॉकेटचा छंद १९५७च्या सुमारास सुरू झाला. ऑरव्हिल कार्लाइल आणि जी. हॅरी स्टाइन या दोघांनी कागदी नळीत बंद, एकदाच वापरायची, कारखान्यात बनलेली छोटी मोटर ही कल्पना लोकांपर्यंत नेली. त्यामागचं कारणच हे होतं, की स्पुटनिकच्या त्या काळात मुलं घरी इंधन बनवत होती आणि बोटं गमावत होती. पुढे एस्टेस कंपनीने अशा मोटर यंत्रावर बनवायला सुरुवात केली. तिथे आजही मूल दुकानात जातं, मोटर घेतं, नियम पाळून उडवतं.

आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात अशी मोटर मिळत नाही. मग लोक स्वतः इंधन बनवायला जातात आणि इथेच दोन अडचणी एकदम येतात. एक, परवान्याशिवाय स्फोटक मिश्रण बनवणं हा १८८४च्या एक्स्प्लोजिव्ह्ज ॲक्टखाली गुन्हा आहे. हे परवाने बघणाऱ्या 'पेसो' या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. दुसरी अडचण कायद्याहून जुनी. ते मिश्रण कधी पेटेल हे तुम्ही ठरवत नाही, ते ठरवतं.

म्हणून आपण हवा वापरणार. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीवर पाय आपटायचा, हवा पाइपातून जाते आणि पाइपावर टोपीसारखं चढवलेलं कागदी रॉकेट सुटतं. बाहेर याला 'स्टॉम्प रॉकेट' म्हणतात. ऐकायला बालवाडीतलं वाटतं. पण रॉकेट एकदा पाइप सोडून गेलं की हवेतला त्याचा तोल, त्याचं वजन, त्याचे पंख यांना लागणारं भौतिकशास्त्र खऱ्या रॉकेटचंच असतं.

एसएलव्ही-३ का?

कारण ती आपली पहिली. १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोटाहून उडून तिने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला आणि स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडणाऱ्या मोजक्या देशांत भारत आला. प्रकल्प संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम, हे सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर होते, हे मात्र पुण्यातल्याही बऱ्याच मुलांना माहीत नसतं. एसएलव्ही-३चे चारही टप्पे घन इंधनाचे होते, आणि घन इंधन हाच गोवारीकरांचा विषय.

दुसरं कारण सरळ हिशेबाचं. एसएलव्ही-३ २२ मीटर उंच आणि तळाशी १ मीटर व्यासाची होती. बाजारात मिळणारा विजेच्या वायरिंगचा पीव्हीसी पाइप बाहेरून २० मिलिमीटर असतो. १००० मिलिमीटरला ४८ने भागलं तर येतात २०.८ मिलिमीटर. म्हणजे १:४८ या स्केलला आपल्या रॉकेटची नळी पाइपावर अलगद बसेल एवढीच मोठी होते. उंची येते ४५८ मिलिमीटर, साधारण दीड फूट. स्केल मॉडेल बनवताना आधी 'किती मोठं हवं' हे ठरवू नका. आधी तुमच्याकडे कुठल्या मापाची नळी आहे ते बघा आणि स्केल त्यावरून काढा.

फोटोवरून मापं काढायची युक्ती

नकाशा हातात नव्हता. होता तो जुना फोटो. पण एक माप पक्कं माहीत असेल तर फोटोच फूटपट्टी होतो. बाजूने, लांबून काढलेला, रॉकेट उभं असलेला फोटो निवडा. फोनमधल्या कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये तो असा क्रॉप आणि रिसाइज करा, की रॉकेटची उंची बरोबर ११०० पिक्सेल भरेल. २२ मीटर भागिले ११०० म्हणजे एक पिक्सेल बरोबर २ सेंटिमीटर. आता एखादा भाग ३६ पिक्सेल रुंद दिसला, तर तो खऱ्या रॉकेटवर ७२ सेंटिमीटर आणि आपल्या मॉडेलवर १५ मिलिमीटर.

यात एक झोल असतो. खाली उभं राहून वर कॅमेरा करून काढलेल्या फोटोत वरचा भाग बारीक आणि आखूड दिसतो. तो पकडायला दुसरं माहीत असलेलं माप वापरा. पहिला टप्पा १ मीटर रुंद, म्हणजे तो ५० पिक्सेलच भरला पाहिजे. माझ्या पहिल्या फोटोत तो ५८ भरला. फोटो बाद. तिसरा फोटो जमला.

पहिला टप्पा १० मीटर लांब, म्हणजे मॉडेलवर २०८ मिलिमीटर. त्याच्या वरचा भाग ०.८ मीटर व्यासाचा, म्हणजे १६.७ मिलिमीटर. टोकाला उष्णताकवचाचा शंकू. बाकी पट्टे, रंग, अक्षरं फोटो झूम करून घेतली.

झेरॉक्सवाल्याने केलेला घोळ (चूक माझीच)

साचा फोनवर आखला, पीडीएफ केली, झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲप केली. प्रिंट आली. कापली, चिकटवली, पाइपावर चढवायला गेलो तर चढेचना. भाचा माझ्याकडे बघत होता. ती नजर मला ओळखीची होती.

प्रिंटवर पट्टी ठेवली तेव्हा कळलं. प्रिंटरने 'फिट टू पेज' लावून सगळं ९६ टक्के केलं होतं. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण नळीचा परीघ ६४.१ मिलिमीटर हवा होता, तो ६१.५ झाला. म्हणजे आतला व्यास २०.४ ऐवजी १९.६. पाइप २०चा. कसा जाणार? तेव्हापासून मी प्रत्येक साच्याच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ आखतो आणि दुकानातच पट्टी लावून बघतो. प्रिंट देताना 'ॲक्च्युअल साइज' किंवा '१०० टक्के' असं सांगायचं.

खरं तर नळीसाठी प्रिंटवर विसंबूच नये. पाइपच साचा म्हणून वापरावा. नेहमीचा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. पाइपावर आधी एक कागद दोन वेढे गुंडाळा आणि नुसती टेप लावा, तो पाइपाला चिकटवायचा नाही. व्यास झाला २०.४. त्यावर रॉकेटचा कागद, २०८ मिलिमीटर लांब आणि १३५ मिलिमीटर रुंद, दोन वेढे घट्ट गुंडाळून फेव्हिकॉलने चिकटवा. बाहेरचा व्यास २०.८. स्केलचं माप आपोआप आलं. सुकल्यावर आतला कागद ओढून काढा, की रॉकेट आणि पाइप यांच्यात केसभर फट राहते. फट जास्त झाली तर हवा बाजूने निसटते, कमी झाली तर रॉकेट अडकतं.

वरची बारीक नळी मी व्हाइटबोर्ड मार्करवर कागद गुंडाळत जाडी जमवून केली. टोकाच्या शंकूसाठी गोलाचा एक तुकडा कापावा लागतो. तो किती अंशांचा, याचं सूत्र शाळेतलंच: ३६० गुणिले तळाची त्रिज्या भागिले तिरकी लांबी. माझी त्रिज्या ८.३५ आणि तिरकी लांबी ३५ मिलिमीटर, म्हणून ८६ अंश. दोन नळ्यांच्या मध्ये छाटलेल्या शंकूचा सांधा येतो आणि त्याच्या खाली, पहिल्या टप्प्याच्या छताला, पुठ्ठ्याची गोल चकती. ही चकती म्हणजे या रॉकेटचं इंजिन म्हणा. हवा हिच्यावरच ढकलणार आहे.

लाँचर

दोन लिटरची रिकामी बाटली, टाकून दिलेल्या सायकल ट्यूबचा दोन फुटी तुकडा आणि फूटभर पीव्हीसी पाइप. ट्यूबचं एक टोक बाटलीच्या तोंडावर, दुसरं पाइपाच्या खालच्या टोकावर, दोन्हीकडे घट्ट टेप. पाइप लाकडाच्या ठोकळ्यात भोक पाडून उभा केला. नगर रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून पाइप आणला, ट्यूब पंक्चरवाल्याने फुकट दिली.

सायकलचा पंप लावून पाइपात हवा कोंडायचे व्हिडिओही सापडतील. ते करू नका. वायरिंगचा पाइप दाब सहन करायला बनवलेला नसतो. पीव्हीसी फुटतं तेव्हा त्याचे धारदार तुकडे उडतात आणि एक्स-रेमध्येही ते नीट दिसत नाहीत. बाटलीच्या पद्धतीत पाइपाचं तोंड जवळपास उघडंच असतं, त्यामुळे दाब क्षणभरच आणि थोडाच चढतो.

पहिलं उड्डाण, म्हणजे कोलांटी

सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर, मालकाला विचारून, संध्याकाळी वारा पडल्यावर गेलो. रॉकेट देखणं दिसत होतं. भाच्याने पाय आपटला. फट्! रॉकेट तीन मीटर वर गेलं, आडवं झालं, हवेत दोन कोलांट्या खाल्ल्या आणि माझ्याच पायाशी पडलं.

"मामा, तुझी एसएलव्ही पडली."

खरी एसएलव्ही-३ही पहिल्यांदा पडली होती. १० ऑगस्ट १९७९ला. दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतलं ॲसिड एका झडपेमुळे गळून गेलं, नियंत्रण सुटलं आणि रॉकेट काही मिनिटांतच बंगालच्या उपसागरात गेलं. हे मी भाच्याला सांगितलं ते स्वतःची लाज राखायला. पण सांगता सांगता माझ्याच डोक्यात उजेड पडला.

खऱ्या एसएलव्ही-३ला तोल सांभाळायला पंखांवर विसंबून राहायची गरज नव्हती. रॉकेट जरा वाकडं झालं की यंत्रणा ते ओळखायची आणि सरळ करायची. पहिल्या टप्प्यात नॉझलमध्ये बाजूने द्रव सोडून आगीचा झोत वळवायची सोय होती, पंखांची टोकंही हलायची. आपल्या कागदी मॉडेलमध्ये यातलं काहीच नाही. आपण तिचं रूप घेतलं, मेंदू घेतला नाही. स्केल मॉडेल उडवणाऱ्या प्रत्येकाची गाडी याच दगडावर अडते.

मेंदू नसलेलं रॉकेट सरळ कसं जातं? बाणासारखं. प्रत्येक रॉकेटला दोन बिंदू असतात. एक गुरुत्वमध्य, जिथे बोटावर ठेवलं तर तोल राहतो. दुसरा दाबमध्य, म्हणजे वाऱ्याचा बाजूने येणारा सगळा धक्का जणू जिथे एकवटतो तो बिंदू. हवेत रॉकेट गुरुत्वमध्याभोवती फिरतं. दाबमध्य त्याच्या मागे, शेपटीकडे असेल, तर वारा शेपटीला ढकलून नाक परत समोर आणतो. पुढे असेल तर नाकच ढकललं जातं आणि रॉकेट उलटतं. देवळावरचा पताकेचा कापड नेहमी काठीच्या मागेच राहतो, तसंच हे.

दोन्ही बिंदू घरी काढता येतात. गुरुत्वमध्य काढायला रॉकेट पेन्सिलीवर आडवं ठेवून तोल साधा. दाबमध्यासाठी रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती पंखांसकट पुठ्ठ्यावर कापा आणि तो पुठ्ठा पट्टीच्या कडेवर तोलून बघा. जिथे तोलला, तो अंदाजे दाबमध्य. ही पद्धत ढोबळ आहे, पण चुकली तर सुरक्षित बाजूला चुकते.

माझ्या रॉकेटचा गुरुत्वमध्य नाकापासून २५९ मिलिमीटरवर निघाला. दाबमध्य २६२वर. फरक ३ मिलिमीटर! छंदातल्या लोकांचा नियम असा, की दाबमध्य निदान एका व्यासाएवढा, म्हणजे आपल्या बाबतीत २१ मिलिमीटर मागे हवा. इथे कोलांटी नाही तर काय होणार?

उपाय दोन. पंख मोठे करा किंवा नाक जड करा. पंख मोठे केले तर ती एसएलव्ही-३ दिसणार नाही. काही जण पारदर्शक प्लॅस्टिकचे जादा पंख लावतात, लांबून दिसत नाहीत. मला ती पळवाट वाटते, तुम्हाला आवडली तर जरूर करा. मी नाकात वजन घातलं.

किती वजन? घरचा किचन वजनकाटा एवढ्या हलक्या गोष्टीला दाद देत नाही. मग कागदच वजन म्हणून वापरला. ए-झिरो आकाराचा कागद बरोबर एक चौरस मीटर असतो आणि त्याचे सोळा भाग केले की एक ए-फोर होतो. म्हणून ८० जीएसएमचा एक ए-फोर कागद ८० भागिले १६, म्हणजे ५ ग्रॅमचा. पट्टीचा तराजू करून रॉकेट तोललं: ७ ग्रॅम. नाकात, टोकापासून ३ सेंटिमीटरवर ३ ग्रॅम माती घातली तर गुरुत्वमध्य कुठे येईल? २५९ गुणिले ७, अधिक ३० गुणिले ३, भागिले १०. उत्तर १९० मिलिमीटर. फरक आता ७२ मिलिमीटर, साडेतीन व्यासांहून थोडा कमी. भरपूर.

दोरी गुरुत्वमध्यावर बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवलं. नाक पुढे करून फिरलं. वजन घालायच्या आधी हेच शेपटी पुढे करून फिरत होतं. हा फरक भाच्याने स्वतः पाहिला आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्याने रीलचा विषय काढला नाही.

दुसरं उड्डाण आणि ७४ पट वजन

दुसऱ्या दिवशी रॉकेट सरळ वर गेलं, पण जाताना काहीतरी खडखडलं. उचलून बघतो तर माती नाकात नव्हतीच. ती सुटून वरची नळी पार करत खाली आली होती आणि चकतीला भोक पडलं होतं. ३ ग्रॅम मातीने पुठ्ठा कसा फाडला?

इथे फोन कामाला आला. बहुतेक फोनमध्ये स्लो-मोशन असतं. माझ्यात सेकंदाला १२० फ्रेम. पाइपाच्या मागे दर १० सेंटिमीटरला काळी खूण केलेली काठी उभी केली, फोन वीट लावून स्थिर केला आणि नव्या चकतीसह पुन्हा उडवलं. व्हिडिओ फ्रेम-फ्रेम पुढे नेत मोजलं. पाइप सोडल्यावर एक मीटर जायला ७ फ्रेम लागल्या. ७ भागिले १२० म्हणजे ०.०५८ सेकंद. वेग सेकंदाला १७ मीटर, ताशी ६० किलोमीटरहून जास्त.

हा वेग रॉकेटने शून्यापासून केवळ २० सेंटिमीटर पाइपाच्या अंतरात मिळवला. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर हे त्वरणाचं सूत्र लावा: १७.१चा वर्ग २९२, भागिले ०.४, म्हणजे ७३०. गुरुत्वाकर्षणाच्या ७४ पट! पाइप सोडेपर्यंतच्या त्या क्षणात ३ ग्रॅम माती सव्वादोनशे ग्रॅमसारखी वागते. कोरड्या मातीचा गोळा नुसता दाबून बसवला होता मी. मग एम-सील वापरलं, शंकूच्या आतल्या बाजूला चोपडून, आणि चकती दुहेरी केली. त्यानंतर खडखड नाही.

याच आकड्यावरून दाबही निघतो. १० ग्रॅम वजनाला ७३० त्वरण द्यायला ७.३ न्यूटन बळ लागतं. ते नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळावर वाटलं की दाब येतो पाव बारच्या आसपास. गाडीच्या टायरमध्ये दोन बारहून जास्त असतो. एवढ्याशा दाबावर दीड फुटी एसएलव्ही उडते.

किती उंच गेली?

फोनमध्ये उतार मोजायची सोय असते, नाहीतर क्लिनोमीटरचं ॲप घ्या. लाँचरपासून १५ मीटरवर उभा राहिलो, फोनच्या कडेवरून नेम धरला आणि रॉकेट सर्वांत वर दिसलं तिथे कोन बघितला: ३७ अंश. टॅन ३७ म्हणजे ०.७५, गुणिले १५ झाले ११.३ मीटर. फोन जमिनीपासून १.४ मीटर वर होता, तेही मिळवा. एकूण १२.७ मीटर, चार मजल्यांएवढं.

१७ मीटरच्या वेगाने, हवा नसती तर, ते १४.९ मीटर जायला हवं होतं. मधले दोन मीटर हवेने खाल्ले. भाचा म्हणाला, कोन चुकला असेल. असेलही. दोन अंशांची चूक पाऊण मीटरहून जास्त फरक पाडते. म्हणून तीन माणसांनी तीन बाजूंनी मोजून सरासरी काढावी. आम्ही दोघंच होतो.

उडवायच्या आधी एवढं पाळाच

वाघोली लोहगावच्या हवाईदलाच्या तळाला लागून आहे. डोक्यावरून सुखोई गेलं की बोलणं थांबवावं लागतं, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. ड्रोनसाठी विमानतळांभोवती लाल आणि पिवळे पट्टे ठरलेले असतात. आपलं कागदी रॉकेट ड्रोन नाही आणि आमच्या बिल्डिंगच्या गच्चीच्याही खाली राहतं, तरी मी दोन गोष्टी पाळतो. गच्चीवरून उडवत नाही आणि यापेक्षा मोठा दाब द्यायच्या भानगडीत इथे पडत नाही. उंच उडवायचं असेल तर विमानतळापासून लांब गावाकडे जा.

१० ग्रॅमची वस्तू ताशी साठने डोळ्यावर आली तर डोळा जाऊ शकतो. पाइपावर वाकून कधीच बघू नका, बाटली परत फुगवतानासुद्धा. मी पाइपावर मूठ धरून मुठीतून फुंकतो, रॉकेट बाजूला ठेवून. पाय आपटणाऱ्याने आधी मोठ्याने मोजायचं. विजेच्या तारांखाली नाही. आणि वाघोलीतल्या जुन्या दगडखाणींची मोकळी जागा मोहात पाडते, पण तिथे खोल पाणी साचलेलं असतं. रॉकेट त्यात पडलं की पोरं मागे जातात. तिथे नाहीच.

पुढचं मॉडेल

एसएलव्ही-३ अवघड होती कारण तिला मेंदू होता. मेंदू नसलेलं खरं रॉकेट निवडलं तर? इस्रोचं आरएच-२०० हे हवामानाच्या अभ्यासाचं रॉकेट थुंब्याहून उडतं. त्यात दिशा वळवायची यंत्रणा नाही, ते पंखांवरच सरळ जातं. २३ नोव्हेंबर २०२२ला त्याचं सलग दोनशेवं यशस्वी उड्डाण झालं. नावातला २०० हा त्याचा मिलिमीटरमधला व्यास. नेमका व्यास २०७ मिलिमीटर आहे. १:१० स्केलला २०.७. पाइप तोच! उंची साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेल ३५ सेंटिमीटरचं. आणखी एक गंमत. या रॉकेटचं इंधन अनेक वर्षं पीव्हीसीवर आधारलेलं होतं. आपल्या लाँचरचा पाइपही पीव्हीसीचाच.

भाचा परवा गेला. जाताना त्याने बॅगेत फूटभर पाइप आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेतला. काल त्याच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून फोटो आला, प्रिंटवर पट्टी ठेवलेली, १०० मिलिमीटरची रेघ बरोबर १००. आमची एसएलव्ही-३ मात्र अकराव्या उड्डाणात प्लॉटच्या कडेच्या गुलमोहरात अडकली. वॉचमनकाकांची काठी तिथवर पोचत नाही.